बासरीला जरा वारा लागू दे

अगं, परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस ना, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी सलतंय. मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच सांगितलंस. सोसायटीच्या कार्यक्रमात भूप वाजवत होतीस, सगळं छान चाललं होतं. पंचमावर थांबलीस आणि बासरीच्या टोकातून टपकन थेंब पडला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी नाक मुरडलं. त्यानंतर सूरही फसफसायला लागला, कसंबसं संपवलंस, बासरी तशीच खोळीत घातलीस आणि चार दिवस तिला हात लावला नाहीस.

चार दिवस! जुलै महिना, सीवूड्सला खाडीच्या तोंडावर घर, आणि ओली बासरी खोळीत बंद. त्या नाक मुरडण्यापेक्षा मला ह्याचीच जास्त काळजी लागली. तेव्हा आधी उठ. ती बाहेर काढ, टेबलावर आडवी ठेव, दोन्ही बाजूंनी मोकळी. आणि मग पुढचं वाच.

पहिली गोष्ट, ती थुंकी नव्हती. तुझा श्वास होता. आपल्या छातीतून येणारी हवा साधारण ३४-३५ अंशांची असते आणि तिच्यात मावेल तेवढी वाफ भरलेली असते. अशा १०० लिटर हवेत जवळपास ४ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे चहाचा चमचा भरायला थोडंच कमी. पाव तास रियाज केलास की एवढी हवा सहज फुंकून होते. त्यातली बरीचशी मुखरंध्रावरून बाहेर निघून जाते, पण जी नळीत शिरते ती गार भिंतीला टेकते आणि तिथे तिचं पाणी होतं. पावसात बसच्या काचांवर आतून धुकं धरतं, चहाचा कप तोंडाशी नेला की चष्म्यावर वाफ येते, तेच हे. थोडी थुंकी असते, नाही असं नाही. नवं नवं असताना जरा जास्तच असते. पण थेंब पडतो तो मुख्यतः ह्या वाफेचा.

आता तो हॉल आठव. एसी २२ वर होता म्हणालीस. २२ अंशांच्या हवेत जितकी वाफ मावते ती ३५ अंशांच्या हवेतल्या वाफेच्या निम्मी असते. म्हणजे नळीची भिंत तेवढी गार असेल, तर आत शिरलेल्या फुंकेतली निम्मी वाफ तिथेच उतरायला मोकळी. त्यात तू एसीच्या झोतासमोर बसलेली. थेंब पडणारच होता, आणि मोठमोठ्या वादकांच्याही पडतो. पुढच्या वेळी वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा कुठेही बासरीची मैफल असेल तर पुढची जागा धर, आणि तबला एकटा वाजत असताना बासरीवाल्याच्या हातांकडे बघ. बासरी मांडीवर उतरते, नॅपकिन निघतो, मुखरंध्राची कड टिपली जाते, बासरी जरा तिरकी होते, आणि समेच्या आधी ती पुन्हा ओठांशी असते. श्रोत्यांना वाटतं वादक तबल्याला दाद देतोय. दाद तर देतोच, पण पाणीही काढतोय.

तुला लाज का वाटली तेही मला माहीत आहे. आपल्याला लहानपणापासून ओठ, थुंकी, घाम, सगळं झाकायलाच शिकवलेलं असतं. मुलीने सतार घेतली तर घर कौतुक करतं. बासरी घेतली की पहिलं विचारतात, वाजवताना तोंड कसं दिसतं. मलाही माझ्या एका मावशीने हेच विचारलं होतं, आणि मी वर्षभर आरशासमोर वाजवत होते, सुरासाठी नव्हे, चेहऱ्यासाठी. ते वर्ष वाया गेलं. तू तसं करू नकोस. दक्षिणेत सिक्किल कुंजुमणी आणि नीला ह्या बहिणींनी कित्येक वर्षं मांडीला मांडी लावून बासरीच्या मैफली केल्या. आपल्या मुंबईत पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या वृंदावन गुरुकुलात शिकलेल्या देबोप्रिया आणि सुचिस्मिता चॅटर्जी, त्याही सख्ख्या बहिणी, आज जोडीने वाजवतात. त्यांच्याही श्वासात वाफ आहेच की.

तर आता कामाचं बोलू. वाजवायच्या आधी, वाजवताना, वाजवल्यावर, असं तीन ठिकाणी लक्ष द्यायचं, आणि खरं सांगू, तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं.

आधी काय करायचं? बासरी गार असेल तर पाणी जास्त धरणार, म्हणून ती कोमट कर. पाच-सात मिनिटं मुखरंध्राकडचा भाग दोन्ही हातांच्या मुठीत धरून बस, ओढणीखाली घेतलीस तरी चालेल. सुराचंही ह्यात भलं आहे. बासरीतली हवा जितकी गार तितका सूर खाली बसतो, दर अंशाला सुमारे ३ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभरातले तीन भाग. १० अंशांचा फरक पडला तर अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. तानपुऱ्याशी तुझा षड्ज सुरुवातीला जुळत नव्हता म्हणालीस, त्याचं एक कारण हे असणार. आयोजकांना एसी २६ वर ठेवा म्हणून सांगायला संकोचू नकोस, आणि झोत अंगावर येणार नाही अशी बैठक मागून घे. आणखी एक, वाजवण्याआधी साखरेचा चहा नको. गोड खाल्ल्या-प्यायल्यावर लाळ चिकट होते आणि ती कडेला बसते. साध्या पाण्याने खळखळून चूळ भर, दोन घोट पाणी पी, ओठ कोरडे टिपून घे.

वाजवताना बासरीचं उघडं टोक किंचित खाली असू दे, दिसेल न दिसेल इतकं. पाणी त्या बाजूला वाहतं आणि थेंब बनून पडतं. पडू दे. मांडीवर एक हातरुमाल पसरून बस म्हणजे तो कुणाला दिसणार नाही आणि तुझं लक्षही जाणार नाही. टोकातून पडणाऱ्या थेंबाने सुराचं काही बिघडत नाही. बिघडतं ते मुखरंध्राच्या पलीकडच्या कडेवर, जिथे तुझी फुंक दुभंगते. तिथे राईएवढा थेंब बसला तरी सूर फसफसतो, तार सप्तक निघेनासं होतं, आणि आपण घाबरून जास्त जोराने फुंकतो. त्याने आणखी वाफ येते. अशा वेळी थांब. बोटाच्या बाजूने, टोकाने नव्हे, ती कड हलकेच टीप आणि मग पुढे जा. दोन आवर्तनांची विश्रांती घेतल्याने कुठलाही राग बिघडत नाही.

कधी कधी पाणी मुखरंध्राच्या आत, नळीचं डोक्याकडचं तोंड बंद करणाऱ्या बुचाच्या बाजूला साचतं. डोक्याकडची बाजू खाली झुकवून वाजवायची सवय असेल तर हे फार होतं. तुझी ती सवय आहे, मी व्हिडिओत पाहिलीय. थकलीस की डावा खांदा पडतो. तो सावर. साचलंच तर बासरी उभी धरून, उघडं टोक खाली करून, हलकेच झटक. झटकताना बासरी कशाला आपटणार नाही एवढं बघ, बांबू आपटला की चीर जायला वेळ लागत नाही.

आता वाजवून झाल्यावर. हे मी तुला बजावून सांगते, कारण माझी पहिली चांगली बासरी मी ह्याच आळसापायी घालवली. पांढरी तीनची होती, लांब, मध्यमावर थरथरणारी. नेरूळला नवीन राहायला आले होते. रात्री साडेदहाला रियाज संपायचा, शेजाऱ्यांची झोप, सकाळची हार्बरची लोकल, त्यामुळे बासरी तशीच रेक्झिनच्या खोळीत आणि खोळ कपाटात. श्रावण लागता लागता तिला बुटांसारखा कुबट वास यायला लागला. आत उजेड टाकून पाहिलं तर बुचापासून तीन बोटं लांबीपर्यंत काळे-हिरवे ठिपके. घाबरून मी ती पुसली आणि लवकर वाळावी म्हणून केस वाळवायचं यंत्र लावलं, गरम हवेवर. अर्ध्या मिनिटात कट् असा बारीक आवाज आला. मुखरंध्रापासून पहिल्या स्वररंध्रापर्यंत केसासारखी चीर. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बांबूचं असं असतं की तो ओल पितो आणि फुगतो, ओल सोडतो आणि आकसतो. हळूहळू झालं तर तो सोसतो. एका बाजूने पटकन आकसला तर रेषेत फाटतो, कारण त्याचे धागे उभे असतात. म्हणून तर कारागीर बासरीवर जागोजागी दोरा गुंडाळतात. तो शोभेसाठी नसतो, फाटू पाहणाऱ्या बांबूला आवळून धरायला असतो. तेव्हा ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको, फ्रिजच्या मागची गरम हवा नको, दुपारी गाडीत ठेवणं तर मुळीच नको. भिजल्याने बांबू जितका बिघडतो त्याहून जास्त तो घाईने वाळवल्याने बिघडतो.

पुसायला एक बारीक गोल लाकडी काठी घे, बासरीपेक्षा जरा लांब. एवढी लांब का? बासरीवादक पन्नालाल घोषांमुळे. खर्जातला गंभीर आवाज मिळावा म्हणून बत्तीस इंचांच्या आसपासची लांब बासरी मैफलीत आणली ती त्यांनी. तिथून आपल्या हातात ही लांबलचक नळी आली, आणि तिच्यासाठी तितकीच लांब काठी. लोखंडी तार वापरू नकोस, आतून चरे पडतात आणि चऱ्यांत ओल राहते. काठीच्या टोकाला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, इतका धुतलेला की त्याची खळ पार निघून गेली आहे. नवं कापड पाणी ओढत नाही आणि टॉवेलचे धागे आत सुटतात. तुकडा सैलच असू दे. मी एकदा जाड गुंडाळी करून कोंबली, ती आत अडकली, ओढताना उलट पुढे ढकलली गेली आणि बूच अर्धा बोट सरकलं. बूच सरकलं की खालचा सा आणि वरचा सा एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ते जागेवर आणायला बासरी घडवणाऱ्याकडेच जावं लागतं.

म्हणून काठीवर खूण कर. काठी उघड्या टोकातून बुचाला अलगद टेकेपर्यंत घाल, जिथे बासरीचं टोक येतं तिथे काठीवर नेलपॉलिशची रेघ ओढ. माझ्या काठीवर लाल रेघ आहे. रेघ टोकाशी आली की हात थांबतो, बुचाला धक्का लागत नाही. एकदा आत नेऊन गोल फिरव, बाहेर काढ, कापडाची कोरडी बाजू वर घेऊन पुन्हा एकदा. मग मुखरंध्राची कड आणि सहाही भोकांच्या कडा टीप. दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि ते कापड आत ठेवून द्यायचं नाही. बरीच जणं ठेवतात, ओल ओढून घेईल म्हणून. पण ओलं कापड आत बंद राहिलं की बासरीला रात्रभर दमट पट्टीच बांधली म्हणायची.

ह्यानंतर तासभर तरी तिला उघड्यावर आडवी ठेव. इथेच नवी मुंबईचा पाऊस आडवा येतो. पुण्यात बासरी पुसून ठेवली की वाळते. आपण राहतो ती जमीन कालपरवापर्यंत मिठागरांची आणि भातशेतीची होती, सिडकोने १९७० नंतर तिच्यावर शहर उभं केलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. जून ते सप्टेंबर हवाच ऐंशी-पंच्याऐंशी टक्के भिजलेली असते. दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, मग नळी आतून कशी वाळेल? म्हणून पावसाळ्यात पंखा लाव, पण लांबून, खोलीतली हवा हलेल इतपत. खोलीत एसी कोरड्या मोडवर अर्धा तास चालू असेल तर त्याच खोलीत ठेव, झोताखाली नको. खिडकीत नको, शिंतोडे येतात. बाहेरच्या भिंतीला लागून नको, त्या भिंतीला पोपडे आलेत ना तुझ्याकडे? स्वयंपाकघरात तर नकोच. आणि कपाटात ठेवणार असशील तर त्यात डांबरगोळ्या नाहीत ना बघ. जे ओठांना लावायचं त्याच्याशेजारी डांबरगोळी कशाला?

खोळ सुती शिव. प्रवासात प्लॅस्टिकच्या पाइपची पेटी करतात, दोन्हीकडे झाकणं असलेली, ती लोकलच्या गर्दीत फार चांगली, पण झाकणांना चार-चार भोकं पाडून घे आणि घरी पोचल्यावर लगेच उघड. आत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाकल्यास तर उत्तम. थंडी पडली की त्या काढून टाक, तेव्हा बासरीला उलट ओलाव्याची गरज असते.

दर रविवारी फोनचा टॉर्च टोकातून मारून आत बघ. कोरडी, सारख्या रंगाची भिंत दिसली पाहिजे. ठिपके दिसले किंवा वास आला तर त्या बासरीवर फुंकू नकोस. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१६ साली 'थोरॅक्स' ह्या नियतकालिकात ६१ वर्षांच्या एका बॅगपाइप वादकाची हकिकत छापली होती. तो रोज वाजवायचा. वर्षानुवर्षं खोकला आणि धाप. मात्र वाद्य घरी ठेवून तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा बरं वाटलं. वाद्याच्या ओल्या पिशवीत बुरशी सापडली, तिच्यामुळेच फुफ्फुसं बिघडली असावीत असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. तो माणूस वाचला नाही. तुला भीती घालत नाही मी. आपली बासरी मुखरंध्रातून, भोकांतून आणि टोकातून हवा खाणारी नळी आहे, बंद पिशवी नव्हे. पण श्वास आत घेताना ओठ तिच्याशीच असतात, एवढं ध्यानात ठेव. ठिपके थोडे असतील तर कापडावर जरासं सर्जिकल स्पिरिट घेऊन आतून पुस, बाहेरच्या पॉलिशला आणि दोऱ्याला लागू देऊ नकोस, दोन दिवस हवेशीर ठेव. साबणपाणी नको. काळं खोलवर गेलं असेल तर घडवणाऱ्याला दाखव.

आता तेल. तू विचारलंस, खोबरेल चालेल का, घरात तेच असतं. नको. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, एसी हॉलमध्ये तुझ्या बासरीत साय धरेल. बहुतेक बासरीवाले मोहरीचं तेल सांगतात, मीही तेच लावते. कापडावर सात-आठ थेंब, आतून पातळ हात, रात्रभर आडवी, सकाळी कोरड्या कापडाने पुसून काढ. तेलाने बांबू ओल हळू पितो आणि हळू सोडतो, सारं काम त्या 'हळू'चं आहे. पण ओल्या बासरीला कधी तेल लावू नकोस, आतली ओल आतच राहते. पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्याने, सलग दोन-तीन कोरडे दिवस मिळाले की एकदा पुरे. नोव्हेंबरपासून मात्र दर पंधरा दिवसांनी. बुचाला आणि दोऱ्याला तेल लागू द्यायचं नाही.

आणि मे महिन्यात सासरी नागपूरला जाशील तेव्हा ही बासरी नेऊ नकोस. खाडीची हवा प्यायलेला बांबू तिथल्या कोरड्या उन्हात दोन दिवसांत तडकतो. न्यायचीच असेल तर आदल्या आठवड्यात तेल पाजून, सुती खोळीवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून ने. तिथे पोचल्यावर दिवसभर पेटीतच राहू दे. किंवा माझं ऐकशील तर पीव्हीसीची एक साधी बासरी घेऊन टाक. आवाजाला तो गोडवा नाही, पाणीही तिच्यात जास्त सुटतं कारण प्लॅस्टिक काहीच पीत नाही. पण भिजली, तापली तरी तिला चिंता नाही. धो धो पावसात लोकलने क्लासला जायच्या दिवशी मी तीच नेते.

मोकळी ठेवलीस ना ती? दोन दिवस वाजवू नकोस, नुसती राहू दे. रविवारी सकाळी ती घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून आत उजेड टाकून बघू. आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा तुझ्यासाठी फाडून ठेवलाय, काठीही तयार आहे. फक्त रेघ ओढायची बाकी आहे, कारण तुझ्या बासरीचं माप माझ्याकडे नाही.